‘आपली पोरं जात्याच लहान चणीची’ म्हणे!

सध्या ग्रुपाग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सार असं: भारतातलं कुपोषण हा आकड्यांचा खेळ. मोजपट्टी गोऱ्यांची, आपली पोरं जात्याच लहान चणीची. अर्थव्यवस्था धावतेय, रेशन फुकट आहे, मग अंगणवाडीची खिचडी हवीच कशाला?

आधी मोजपट्टी, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६चे वाढीचे तक्ते ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत इथल्या मुलांना मोजून केलेत. हो, भारत. दक्षिण दिल्लीतली खात्यापित्या घरची, आईच्या दुधावरची बाळं त्यात होती आणि उंचीत ती ओस्लोच्या बाळांच्या जवळपास बरोबरीनं वाढली. शिवाय दोष चणीचाच असता, तर खुरटलेल्या, म्हणजे वयाच्या मानानं उंची फार कमी असलेल्या मुलांचं प्रमाण २००५-०६ मधल्या ४८ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ३५.५ वर कसं आलं? पंधरा वर्षांत रक्त बदलत नाही.

आकड्यांवर शंका घ्यायचीच तर रक्तक्षयाच्या घ्या. २०१९-२१च्या त्याच पाहणीत बोट टोचून रक्त तपासलं, तेव्हा लहान मुलांत तो ६७ टक्के निघाला. त्याआधी, २०१६-१८ मध्ये शिरेतून रक्त घेतलं, तेव्हा एक ते चार वर्षांच्या मुलांत ४१. पण ४१ ऐकून पेढे कोण वाटणार?

धावत्या अर्थव्यवस्थेचं उत्तर आपल्या घरातच आहे. महाराष्ट्र देशातली सगळ्यात मोठी राज्य-अर्थव्यवस्था. इथलं खुरटलेपण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होतं, पुढच्या पाहणीत ३५.२. घटलं नाहीच.

रेशन फुकट आहे, खरं. माणशी पाच किलो, गहू-तांदूळ. डाळ, तेल, अंडं त्यात नाही. आणि खरी मेख सहा महिन्यांनंतरच्या दीड वर्षात आहे. बाळाचं पोट इवलंसं. त्यात वरणाचं वरवरचं पाणी ओतलं की ते भरतं, बाळ झोपतं, आईला वाटतं जेवलं. त्याला हवं असतं घट्ट वरण, त्यात कुस्करलेला भात, वर चमचाभर तेल, आणि हे दिवसातून तीन-चारदा. आई मजुरीला, बाळ मोठ्या बहिणीच्या कडेवर आणि हातात बिस्किटाचा पुडा. घरात धान्य असूनही मूल सुकतं ते असं.

आता खिचडी. ती तीन वर्षांवरच्यांना. त्याखालच्यांना घरी न्यायची पाकिटं, ज्यांना सगळे ‘टीएचआर’ (टेक होम रेशन) म्हणतात. पाकीट बेचव असतं, कधी शेळीपुढे जातं, हे कबूल. मग पाकीट सुधारा, जमेल तिथे ताजं अन्न, अंडी द्या. अंगणवाडी बंद केली तर बाळाचा दंड मोजायचा कोणी? सेविकेकडे एक रंगीत पट्टी असते. दंडघेर साडेअकरा सेंटीमीटरच्या आत आला की लाल रंग दिसतो, म्हणजे बाळ तीव्र कुपोषित. त्या घरी रेशनकार्ड असतंच, बहुतेक वेळा मोबाईलही.