उचल घेतली म्हणजे राजीखुशी? खलाशांबद्दलच्या एका मेसेजला उत्तर

बडोद्याच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मंडळाच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग ज्यांनी आयुष्यात बंदर पाहिलेलं नाही अशा नातेवाइकांनीही ‘जरूर वाचा’ म्हणून पाठवला. सारांश असा: वेरावळ, मांगरोळ, पोरबंदरच्या मासेमारीत वेठबिगारी आहे, माणसं फसवून आणली जातात, हे आपली निर्यात पाडायला परदेशात रचलेलं कुभांड आहे. पोलीस बोटी तपासतात आणि त्यांना काही सापडत नाही, हाच पुरावा. खलाशी स्वतः उचल (आगाऊ पैसे) घेतो, आधार कार्ड देतो, आपल्या पायांनी बोटीवर चढतो. समुद्रात पोलिसांची हद्दच नसते. सोडवून आणला तरी पुढच्या हंगामात परत तिथेच जातो. खरा फसलेला कोण, तर उचल बुडालेला शेठ, म्हणजे बोटीचा मालक. म्हणून पळालेल्या खलाशांचे फोटो आणि आधार कार्डं पुढे पाठवा.

वेरावळची प्रत्येक बोट म्हणजे तुरुंग, असं माझंही म्हणणं नाही. वर्षानुवर्षं एकाच मालकाकडे आपणहून येणारे खलाशी आहेत, त्यांचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, त्यांच्याच गावचा असतो आणि हिशेब चोख होतो. प्रश्न आहे तो ज्यांचा हिशेब होत नाही, ज्यांना मध्येच उतरता येत नाही त्यांचा, आणि पोलीस त्यांच्यापर्यंत का पोचत नाहीत याचा.

मेसेजखाली एकाने लिहिलंय, ‘आपल्याला काय, बडोद्याला समुद्र नाही.’ ओखामंडळ आणि कोडीनार हे संस्थानी काळात बडोद्याचेच मुलूख होते आणि ओखा बंदर गायकवाड सरकारनेच उभं केलं, हे बडोद्यातल्या दांडिया बाजारात राहणाऱ्याला मी सांगायला नको. मे २०२३ मध्ये पाकिस्तानने समुद्रात पकडलेले १९८ मच्छीमार सोडले, तेव्हा त्यांतले गुजरातचे लोक वाघ्याहून रेल्वेने आपल्याच स्टेशनवर उतरले आणि इथून बसने वेरावळला गेले. पेपरात हारतुऱ्यांचे फोटो येतात. पण पकडला जातो तो खलाशी, शेठ घरी असतो. बोट सीमारेषेच्या किती जवळ न्यायची हे खलाशी ठरवत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओख्याच्या बोटीवर पाकिस्तानी गोळीबारात जो मारला गेला, तो पालघरहून कामाला आलेला माणूस होता.

आता ‘पोलीस तपासतात, सापडत नाही’ हा मुद्दा. मेसेजचा सगळा डोलारा यावरच उभा आहे.

बोटी तपासल्या जातात हे खरं. पण कशासाठी? २००८ मध्ये पोरबंदरची ‘कुबेर’ बोट बळकावून, तिच्यावरच्या खलाशांना मारून दहशतवादी मुंबईत उतरले. त्यानंतर बोटींची नोंदणी, खलाशांची बायोमेट्रिक ओळखपत्रं, समुद्रात जाण्याआधी टोकन (जाण्याची परवानगी) ही सगळी घडी बसली ती सुरक्षेसाठी. तपासणारा शिपाई यादीतलं नाव आणि हातातलं कार्ड जुळतं का ते बघतो. माणूस कोण आहे, हा त्याचा प्रश्न. त्या माणसाला उद्या उतरून घरी जाता येईल का, पगार शेवटचा कधी मिळाला, कार्ड एरवी कोणाच्या खिशात असतं, हे त्याच्या फॉर्मवर नाहीच. जे विचारलंच नाही ते सापडणार कसं?

आणि विचारलं, तरी कसं विचारतात? धक्क्यावर, तांडेल शेजारी उभा, मालकाचा माणूस चहा घेऊन आलेला. खलाशी श्रीकाकुलमचा, त्याला तेलुगू येतं. किंवा तलासरीचा, घरी वारली बोलणारा. साहेब गुजरातीत विचारतात, ‘काही त्रास?’ तो मान हलवतो. ‘तक्रार नाही’ अशी नोंद होते. मी कामगारांचे खटले चालवतो; मालकासमोर घेतलेल्या असल्या जबाबाची किंमत काय असते ते ठाऊक आहे.

थायलंडमध्ये नेमकं हेच झालं. २०१५ च्या सुमारास तिथल्या सरकारने आपल्याच अहवालात सांगितलं की मासेमारीतल्या ४,७४,३३४ कामगारांची तपासणी केली आणि सक्तीच्या मजुरीचं एकही प्रकरण आढळलं नाही. एकही! त्याच वर्षी पत्रकारांनी इंडोनेशियाच्या बेंजिना बेटावर थाई मासेमारीतले मजूर पिंजऱ्यात कोंडलेले शोधून काढले, आणि पुढे दोन हजारांहून जास्त माणसांची सुटका झाली. युरोपीय संघाने बेकायदा मासेमारीवरून एप्रिल २०१५ मध्ये थायलंडला पिवळं कार्ड दाखवलं, म्हणजे अधिकृत ताकीद दिली, मग तिथे बंदरात बोट निघताना आणि परतताना माणसं मोजणारी केंद्रं आली. तपासणीतला शून्य हा गुन्ह्याचा शून्य नसतो, हे त्या देशाला महागात पडून कळलं.

उचलीचं तर आपल्या लोकांना वेगळं समजवायला नको, ऊसतोडीची उचल कोणी ऐकलेली नाही? उचल घेणं गुन्हा नाही आणि देणंही नाही. पण वेठबिगार पद्धत (निर्मूलन) अधिनियम, १९७६ वाचून बघा. उचलीच्या बदल्यात माणूस बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर राबत असेल, किंवा त्याला दुसरीकडे काम धरता येत नसेल, किंवा हवं तिथे जाता येत नसेल, तर ती वेठबिगारी. यांतली एक अट पुरते. साखळदंड लागत नाही, मारहाणही लागत नाही. ही वेठबिगारी नाही हे सिद्ध करण्याचा भार कलम १५ ने मालकावर टाकलाय, मजुरावर नाही. असं कर्ज कायद्यानेच बुडतं. ते वसूल करायला दावासुद्धा लावता येत नाही.

आता बोटीवरचा हिशेब बघा. हंगाम पावसाळी बंदीनंतर ऑगस्टमध्ये सुरू होतो, मे अखेर संपतो. उचल आधी मिळते आणि बाकीचा पगार बऱ्याचदा हंगाम संपल्यावर, खर्चापाण्याचं वजा करून. हिशेबाची वही मालकाकडे. डिसेंबरात वडील वारले म्हणून घरी जायचंय म्हणालात, तर ‘उचल फेड आणि जा’. पैसे तर मालकाकडेच अडकलेले, फेडणार कशाने? बंदरावर हा रोजचा व्यवहार समजतात. १९७६ च्या कायद्यात मात्र याला नाव आहे.

‘पण तो मर्जीने आला ना?’ खोटं सांगून, लालूच दाखवून किंवा सत्तेचा गैरवापर करून माणसाची भरती केली, त्याला नेलं किंवा ठेवून घेतलं आणि उद्देश शोषणाचा असला, तर ती तस्करी. पूर्वी हे भारतीय दंड संहितेचं कलम ३७० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १४३ आहे. दोन्हींत स्पष्ट लिहिलंय की गुन्हा ठरवताना पीडिताची संमती गैरलागू. एकाहून जास्त माणसांची तस्करी असेल तर किमान दहा वर्षं कैद. एखादा सरकारी नोकर किंवा पोलीस त्यात सामील असला तर मरेपर्यंत जन्मठेप. कायदा करणाऱ्यांनाही ती शक्यता सुचली होती, म्हणजे बघा.

मग गुन्हे इतके कमी का? कारण ठाण्यात आधी येतो तो मालक. ‘अमुक माणूस पैसे घेऊन पळाला, फसवणुकीची तक्रार घ्या.’ मग पोलीस त्या माणसाला फोन लावतात, गावच्या ठाण्यालाही कळवतात, आणि घाबरून तो बोटीवर परत येतो. कागदावर ‘आपसात समझोता’. फसवणूक ठरायला पैसे घेतानाच बुडवायचा इरादा असावा लागतो. चार महिने राबून निघून गेलेल्याला ते कलम लागणं अवघड. पण त्या फोनला कलम लागतच नाही, नुसता आवाज पुरतो. वेठबिगारी टिकवायला इथे पोलिसांचाच हात लागतो, बहुधा त्यांच्याही लक्षात न येता.

दुसरीकडे, धाडस करून गुन्हा नोंदवला तरी बहुतेकदा फक्त १९७६ च्या कायद्याखाली. त्यात शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड दोन हजार रुपयांपर्यंत, गुन्हा जामीनपात्र. १४३ लावलं तर अजामीनपात्र आणि खटला सत्र न्यायालयात. कोणतं कलम लिहायचं हे ठाणेदार ठरवतो, आणि सगळी गोम तिथेच आहे.

हद्दीचं बोलायचं तर बारा सागरी मैलांपर्यंत राज्याच्या सागरी पोलिसांची हद्द आहेच. त्यापलीकडेही भारतात नोंदलेल्या जहाजावर आपला फौजदारी कायदा लागू राहतो. केरळजवळच्या समुद्रात भारतीय मच्छीमारांवर गोळ्या झाडणाऱ्या इटालियन नौसैनिकांच्या प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बारा मैलांपलीकडे केरळला अधिकार नाही म्हटलं, ते या मेसेजवाल्याने अर्धवट ऐकलेलं दिसतं; ते जहाज परदेशी होतं आणि अधिकार केंद्राकडे गेला, हवेत विरला नाही. शिवाय तस्करीची सुरुवात समुद्रात होतच नाही. ती होते गावात, मुकादमाच्या ओसरीवर, आणि रेल्वेच्या डब्यात. पश्चिम रेल्वेच्या लोहमार्ग पोलिसांचं मुख्यालय बडोद्यातच आहे. तक्रार कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर म्हणून देता येते, डहाणूतही आणि बडोद्याच्या रावपुऱ्यातही.

सोडवलेले परत का जातात? सुटकेचा दाखला उपविभागीय दंडाधिकारी देतात, आणि केंद्राच्या योजनेत तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत मिळते. प्रौढ पुरुषासाठी एक लाखाची मोठी रक्कम खटल्याच्या निकालाकडे डोळे लावून बसते. दाखलाच मिळाला नाही तर तेही नाही. तोवर घरी खायचं काय? एप्रिल २०२० मध्ये वेरावळ बंदरात आंध्रचे हजारो खलाशी लॉकडाऊनमध्ये बोटींवरच अडकले होते. पुढच्या हंगामात त्यांतले किती परतले असतील याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही. परत जाणं म्हणजे तिथे सुखात होता याचा दाखला असेल, तर सासरी छळ होऊन नांदायला परत गेलेल्या प्रत्येक बाईबद्दल आपण हेच म्हणणार का?

परदेशी कुभांडाबद्दल थोडक्यात. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२२ मध्ये जगभरच्या मासेमारी नौकांवर किमान १,२८,००० माणसं सक्तीने राबतात असा अंदाज दिला, तो एकट्या भारताबद्दल नाही. आणि सक्तीच्या मजुरीला बंदी घालणारं कलम २३ जिनिव्हाहून आलेलं नाही, ते आपल्या घटनेत आहे. किमान वेतनाहून कमी देऊन राबवणं हीही सक्तीच, हे १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

राहिले ते फोटो. कोणाचं आधार कार्ड पुढे पाठवणं ही वसुलीची दहशत आहे आणि तुम्ही तिचे फुकटचे हस्तक होताय. आलेले फोटो काढून टाका. ज्याने पाठवले त्याला विचारा की त्या खलाशाचा हिशेब झाला होता का. आणि कोणी खरंच अडकलेला माहीत असेल तर बोटीचा नोंदणी क्रमांक, बंदर आणि माणसाचं गाव एवढं लिहून ११२ वर कळवा, त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी द्या, कारण वेठबिगारीत सुटकेचा अधिकार त्यांच्याकडे आहे. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर आहे, सल्ला फुकट मिळतो.