चाक फिरो न फिरो, चित्र चाललं पाहिजे

यंत्रसामग्रीच्या जाहिरातीचं चित्र करायला घेतलंय? मग पहिलं पथ्य पाळा: छापून होईपर्यंत ते कारखान्यातल्या कुणालाही दाखवू नका. ही माणसं फार रसभंग करतात.

सुरुवात दातेरी चाकांनी करा. तीनच घ्या आणि प्रत्येकाचे दाते उरलेल्या दोघांत अडकवा. वर ठळक अक्षरांत 'समन्वय'. कुणीतरी खवट माणूस म्हणेलच, की अडकलेली शेजारची चाकं उलट दिशांना फिरतात. पहिलं उजवीकडे, दुसरं डावीकडे, मग तिसऱ्याने जायचं कुठे? वेढ्यातल्या चाकांची संख्या विषम असली की सगळी जागच्या जागी जाम. त्याला शांतपणे सांगा, की विक्री, उत्पादन आणि हिशेब या तीन विभागांचं इतकं खरं चित्र आजवर कुणी काढलेलं नाही. तरीही ऐकेना, तर ब्रिटनचं दोन पौंडांचं नाणं पुढे करा. १९९८ साली चलनात आलेल्या त्या नाण्यावर तंत्रज्ञानाची वाटचाल दाखवायला दातेरी चाकांचं कडं घातलं होतं. चाकं मोजली तर १९! टांकसाळीत जे खपलं, ते तुमच्या माहितीपत्रकात का खपू नये?

दात्यांचं माप जुळतंय का, हे बघत बसू नका. लहान चाकाला लहान दाते, मोठ्याला मोठे. दिसायला किती न्याय्य वाटतं!

मॉडेलच्या हाती सोल्डरिंग आयर्न द्यायचं असेल, तर पेनासारखं अगदी टोकाशी धरायला लावा. टोक साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं म्हणे. पण मूठ मागे असते आणि मागे धरलं तर चेहरा चौकटीत नीट बसत नाही. हसू मात्र हवं. संरक्षक चष्माही हवाच, फक्त कपाळावर.

घोषवाक्याला डावीकडे जागा हवीय? चित्र आरशातल्यासारखं उलटवा. बोल्टचे आटे उलटे होतील, सायकलची साखळी उजवीकडून डावीकडे येईल. यंत्रावरची अक्षरं तेवढी आठवणीने सरळ करा. लोक तीच वाचतात. डीएनएची शिडी डावीकडे वळली तरी घाबरायचं कारण नाही. झेड-डीएनए नावाचा डावखुरा प्रकार खरोखर आहे. 'आम्हाला तोच अभिप्रेत होता,' एवढं म्हणायचं. उलट्या आट्यांच्या बाजूने साक्ष द्यायला सायकलचं डावं पॅडल आहेच.

आणि एखाद्या इंजिनिअरने चुकांची यादी पाठवलीच, तर खूश व्हा. अखेर कुणीतरी जाहिरात बारकाईने पाहिली! त्याला तातडीने पोच द्या: 'आपल्या सूचनांवर आमचे तिन्ही विभाग मिळून काम करत आहेत.' लेटरहेडवर तीच तीन चाकं असू द्या.