आपली भिंत, त्यांचा द्राक्षारस

ईस्टरच्या आठवड्यात पुण्याहून चुलतभावाने घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'पाण्याचा द्राक्षारस होतो, चार दिवस कबरेत असलेला माणूस उठून चालतो, सूर्य आकाशात थांबतो. सगळं निसर्गनियमांच्या विरुद्ध. तरी तुमच्या तिकडचे शिकलेले लोक हे मानतात कसे?' मी एडिनबरात राहतो, म्हणून प्रश्न मला. उत्तर द्यायला मला आठवडा लागला.

नियम 'मोडला' हा शब्दच मला पटत नाही. देठातून सुटलेला आंबा खाली येतो. कोणी तो वरच्यावर झेलला तर गुरुत्वाकर्षण मोडलं असं आपण म्हणत नाही. मध्ये कोणी हात घातला नाही तर काय होईल, एवढंच नियम सांगतो. ईश्वर असेल तर त्याने हात घालण्याला भौतिकशास्त्र आडवं येत नाही, आणि तो आहे की नाही हा निकाल भौतिकशास्त्र देत नाही. शिवाय बायबलमधले चमत्कार सगळे एका जातीचे नाहीत. बायबलच्या 'निर्गम' या पुस्तकात समुद्र मागे हटतो तो रात्रभर वाहिलेल्या पूर्वेच्या जोरदार वाऱ्याने. वारा निसर्गाचाच, नवल आहे ते तो नेमका त्या रात्री सुटल्याचं. गिबोन गावावर थांबलेला सूर्य मात्र मी शब्दशः घेऊ शकत नाही. यहोशवाच्या पुस्तकातही त्या ओळी एका जुन्या काव्यातून घेतलेल्या आहेत, आणि काव्य म्हणूनच त्या वाचाव्यात. काना गावच्या लग्नात पाण्याच्या झालेल्या द्राक्षारसाला तर शुभवर्तमान लिहिणारा योहान 'चिन्ह' म्हणतो. त्याला काहीतरी दाखवून द्यायचं आहे.

खरी अडचण साक्षीची. ती एडिनबरातच जन्मलेल्या तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ साली मांडली. साक्ष खोटी असणं हे त्या चमत्काराहूनही अशक्य वाटत असेल, तरच चमत्कार मानावा, असं त्याचं म्हणणं. त्याचा आणखी एक मुद्दा मला जास्त टोचतो: प्रत्येक धर्माचे चमत्कार त्या धर्माची साक्ष देतात, म्हणजे आपोआप दुसऱ्या धर्मांविरुद्धही देतात. मग सगळेच साक्षीदार एकमेकांना खोटं पाडत बसतात.

हे मुंबईने पाहिलेलं आहे. एडिनबरा विद्यापीठात शिकलेले मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले. दोनच वर्षांत हिंदू धर्माची बाजू मांडणारे मोरभट दांडेकर आणि ते जाहीर वादात समोरासमोर उभे राहिले, आणि पुढे तो वाद छापील पुस्तकांतून चालू राहिला. दोघेही विद्वान, दोघेही मनापासून श्रद्धावान. समोरच्याच्या ग्रंथाला लावलेली कसोटी स्वतःच्या ग्रंथाला लावायला कोणीच तयार नव्हतं. जवळजवळ दोनशे वर्षांनी आमचा ग्रुप तिथेच उभा आहे. आषाढीला याच ग्रुपवर रेड्यामुखी वेद येतात, इंद्रायणीत तरलेली गाथा येते. तेव्हा कोणी निसर्गनियम काढत नाही. मीही कधी काढला नाही.

मग सगळंच चालवून घ्यायचं का? मुळीच नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून देवळांपुढे रांगा लागल्या. तो दावा डोळ्यांसमोरचा होता, तपासता येत होता, आणि चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे मूर्तीवर ओढलं जाऊन ओघळतं हे लगेच दाखवता आलं. अशी तपासणी व्हावी म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर झगडले आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर आलेला महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा मी इथे बसून पूर्ण वाचला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसा कमावणं, लोकांना फसवणं हा त्यात गुन्हा आहे. होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगायला मात्र त्याने स्पष्ट मोकळीक ठेवली आहे. आमच्या ग्रुपला न जमलेला फरक त्या कायद्याला नेमका जमला आहे. प्रार्थनेने कर्करोग बरा करतो म्हणून औषध सोडायला लावणारा पास्टर असो की बुवा, त्याला पकडाच. पण काना गावच्या लग्नाचा पंचनामा आज कोण करणार?

हे सगळं मी भावाला लिहिलं. आईने खाली एकच ओळ टाकली, 'आळंदीला आलास की भिंत बघून येऊ.'

त्या भिंतीवर हात ठेवून आई डोळे मिटते तेव्हा ती भिंत चालली कशी हे तिने कधी विचारलेलं नाही. ईस्टरला माझ्या शेजारच्या बाई मला चर्चमध्ये घेऊन गेल्या, त्याही तशाच डोळे मिटून उभ्या होत्या. त्या निवृत्त परिचारिका आहेत, नवऱ्याची औषधं घड्याळ लावून देतात. भावाला मी एवढंच विचारलं आहे, की आईला जे तू कधी म्हणणार नाहीस, ते या बाईंना का म्हणतोस?