शेवटची एसटी किती वाजता? 'एक माजी विद्यार्थी' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पुणे, मुंबई, सातारा जिल्हा आणि राहुरी इथल्या कॉलेजांत मुलांचा दिवस कसा जातो, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही 'एक माजी विद्यार्थी' या नावानं लांबलचक प्रतिक्रिया लिहिलीत. चार ओळींत उत्तर देऊन भागणार नव्हतं, म्हणून स्वतंत्र लिहिते.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. कट्टा, मेस, एकांकिका ही खात्यापित्या घरच्या मुलांची चैन आहे, कॉलेजांची तुलना करायची तर फी, निकाल आणि प्लेसमेंटवर करा, हा तुमचा पहिला मुद्दा. दुसरा, तालुक्याच्या कॉलेजला फर्ग्युसनच्या शेजारी बसवणंच अन्यायाचं, कारण "तिथे लाइफ असतंच कुठे? पोरं एसटीनं येतात, हजेरी लावतात, एसटीनं जातात." मुंबई मी दोन परिच्छेदांत उरकली, ही तिसरी तक्रार. आणि शेवटी, पुतणीला बारावीनंतर कुठे घालायचं ते एवढं वाचूनही कळलं नाही, असा टोमणा.

सुरुवात दुसऱ्या मुद्द्यापासून करते, कारण तुमचं ते एसटीचं वाक्य मलाच लिहायला आवडलं असतं. मी भूगोल शिकवते, तोही तासिका तत्त्वावर. आम्हाला 'सीएचबी'वाले (क्लॉक आवर बेसिस, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते पैसे) म्हणतात. दर जूनला नवा अर्ज, नवी मुलाखत आणि बरेचदा नवं कॉलेज. या नोकरीच्या तोट्यांवर लिहायला वेगळा ब्लॉग काढावा लागेल. फायदा एकच: एका कॉलेजात तीस वर्षं काढलेल्या प्राध्यापकाला जे दिसत नाही, ते आम्हाला दिसतं. मला दिसलेली गोष्ट अशी की, शेवटचा तास संपल्यावर मुलाच्या हातात किती वेळ उरतो आणि तो वेळ कुणाच्या ताब्यात असतो, यावर त्याचं कॉलेजातलं आयुष्य ठरतं. कॉलेजचं नाव नंतर येतं.

तालुक्याच्या गावात तो वेळ एसटीच्या ताब्यात असतो. विद्यार्थ्यांना पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा भरायचा. पण पास असून गाडी नसली तर काय, हे २०२१ साली सगळ्यांनी बघितलं. करोनानंतर २० ऑक्टोबरला राज्यातली कॉलेजं उघडली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. पुण्यातले वर्ग हळूहळू भरत होते, तेव्हा तालुक्याच्या वर्गात गावातलीच तेवढी मुलं बसलेली असायची. वाड्यावस्त्यांवरची मुलं वडापच्या, म्हणजे माणशी पैसे घेऊन भरणाऱ्या खासगी जीपला लोंबकळून आली तर आली. त्यात मुली नसायच्याच. वडापनं पाठवायला घरचे तयार नव्हते, आणि रोजचे पैसे तरी कुठून आणायचे?

पण यावरून तुम्ही "तिथे लाइफ नसतं" असा निष्कर्ष काढता, तिथे माझं तुमच्याशी पटत नाही. पुण्याच्या मुलांचा कट्टा कॉलेजच्या भिंतीला लागून असतो, यांचा स्टँडवर असतो, एवढाच फरक. दुपारचा तास सुटला आणि गाडीला दीड तास असला की स्टँडच्या बाकांवर प्रॅक्टिकलच्या वह्या उतरवून होतात, वाढदिवसाचे केक कापले जातात, भांडणं होतात आणि मिटतातही. दोस्ती वर्गावर ठरत नाही, मार्गावर ठरते. एफवायची (पहिल्या वर्षाची) मुलगी आणि टीवायची (तिसऱ्या वर्षाची) मुलगी जिवलग असतात, कारण दोघी एकाच गाडीनं येतात. कुठल्या वाहकाला हात केला तर गाडी थांबते, कोण मुद्दाम पुढे नेऊन थांबवतो, याचं ज्ञान ज्युनियरला सीनियरकडून मिळतं. बाहेरून आलेल्या माणसाला हे दिसत नाही, कारण तो कॉलेजच्या इमारतीत लाइफ शोधत असतो आणि ती पाचनंतर रिकामी असते.

आणि एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर? पुण्यातल्या मुलांना ते दहा गुणांसाठी केलेलं काम वाटतं. तालुक्याच्या कॉलेजात डिसेंबर-जानेवारीतलं सात दिवसांचं श्रमसंस्कार शिबिर म्हणजे वर्षातला सण. सकाळी प्रभातफेरी, मग ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारा, दुपारी पाहुण्यांचं व्याख्यान (हा भाग सगळे सहन करतात) आणि रात्री शेकोटी, गाणी, नकला. कितीतरी मुलींसाठी नात्यातलं लग्न सोडून घराबाहेर काढलेली ती पहिली रात्र असते. त्यासाठी वडिलांची सही मिळवायला त्या नोव्हेंबरपासून तयारीला लागतात. आधी आईला पटवायचं, मग मॅडमना फोन करायला लावायचा, मग शेजारची मैत्रीण येते आहे हे चारदा सांगायचं. हे लाइफ नसेल तर मग आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगो महोत्सवाच्या रांगेत उभं राहणं तरी लाइफ कसं?

आता पुणे. फर्ग्युसनला मी तालुक्याच्या शेजारी बसवलं, कारण फर्ग्युसनच्या आतही तालुका आहे. तिथे किंवा जवळपासच्या कुठल्याही कॉलेजात जुलैअखेर संध्याकाळी चक्कर मारा. पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमी सुरू असतात. १९६३ पासून ही स्पर्धा चालू आहे, आणि भरत नाट्य मंदिरात "अरे आवाज कुणाचा" ऐकून कान बसले नाहीत तर पुण्यात शिकल्याचं समाधान नाही, असं इथली मुलं मानतात. रात्री अकरापर्यंत तालीम, मग चहा, मग दिग्दर्शकाची बोलणी. या तालमीत कोण असतं? पुण्यातच घर असलेली, दुचाकी असलेली किंवा कॉट बेसिसवर, म्हणजे कुणाच्या खोलीत एका कॉटचं भाडं भरून राहणारी मुलं. लोणावळा लोकलनं तळेगाव-कामशेतहून येणारा किंवा दौंडहून रोज रेल्वेनं येणारा मुलगा त्याच वर्गात शिकतो, तीच फी भरतो, पण घड्याळात सात वाजले की त्याचं लक्ष उडतं. त्याला फार तर बॅकस्टेजला घेतात, आणि प्रयोगाच्या रात्री तो कुणाच्यातरी खोलीवर झोपतो. मग एका कॉलेजात दोन कॉलेजं झाली की नाही? दौंडचा मुलगा आणि सातारा जिल्ह्यातल्या दहिवडीचा मुलगा यांच्यात जेवढं साम्य आहे, तेवढं दौंडच्या मुलात आणि त्याच्या कोथरूडच्या वर्गमित्रात नाही.

याचं दुसरं टोक पवईला. आयआयटी मुंबईत सगळेच वसतिगृहात, वर्गापासून खोली सायकलच्या अंतरावर, घरी जायची घाई कुणालाच नाही. म्हणून तिथे वसतिगृहांचे गट मिळून 'पॅफ' (परफॉर्मिंग आर्ट्स फेस्टिव्हल) सारखे प्रचंड प्रयोग उभे करू शकतात. हुशारीचा भाग आहेच, पण रात्री दोन वाजता सुतारकाम करायला माणसं हजर असणं हा त्याहून मोठा भाग आहे. सीओईपी या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची रेगाटा, म्हणजे नौकांचा वार्षिक सोहळा, १९२८ पासून मुळा-मुठेवर होते आहे, तिचंही तेच. पहाटे नदीवर सरावाला यायचं तर झोपायची जागा नदीपासून लांब असून चालत नाही.

मुंबईबद्दल तुम्ही दोन परिच्छेद म्हणालात. बरं, एक वाढवते. माटुंग्यात रुईया, पोदार, व्हीजेटीआय, खालसा सगळी चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, त्यामुळे नाक्यावर एका वेळी चार कॉलेजं भेटतात. हे पुण्यातही इतकं नाही. पहाटे पाचला उठून बदलापूर किंवा विरारहून निघालेली मुलं सातच्या लेक्चरला झोपेत बसलेली असतात, आणि परतीच्या वेळी गर्दी सुरू व्हायच्या आत गाडी पकडायची की गर्दी ओसरेपर्यंत थांबायचं, हा रोजचा निर्णय. जे ओसरेपर्यंत थांबतात त्यांच्यातून आयएनटीच्या (इंडियन नॅशनल थिएटर) एकांकिका स्पर्धेचे संघ तयार होतात. अंतर पाहिलं तर बदलापूरची मुलगी तालुक्याच्या मुलीपेक्षा लांबून येते. पण तिला रात्री दहालाही गाडी आहे, लेडीज डबा आहे, डब्यात माणसं आहेत. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मुलीला सहानंतर काही नाही. मुंबईला मी कमी जागा दिली ती याचसाठी. तिथल्या गैरसोयींवर भरपूर लिहून झालंय. शेवटची लोकल मध्यरात्रीनंतर सुटते, ही केवढी मोठी सोय आहे, यावर मात्र कुणी लिहीत नाही.

राहुरीबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत, याचं थोडं वाईट वाटलं. कृषी विद्यापीठाची मुलं शेवटच्या वर्षात 'रावे'साठी (ग्रामीण कृषी कार्यानुभव) गावात राहायला जातात, बीजप्रक्रिया नि माती परीक्षणाची प्रात्यक्षिकं करतात, आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात 'कृषिकन्यांचे शेतकऱ्यांना मार्गदर्शन' अशी बातमी येते. ज्याला मार्गदर्शन केलं तो शेतकरी फोटोत हसतोय, कारण ते काम तो तीस वर्षं करतोय. पण बाकी कॉलेजांत शहराकडे तोंड करून बसलेली मुलं इथे अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून गावात मुक्काम करतात, हे मला वेगळं वाटलं म्हणून लिहिलं होतं.

राहिला पहिला मुद्दा, चैनीचा. यावर मात्र मी ठाम आहे. मुलानं कुठे झोपायचं, काय खायचं, तास संपल्यावर कुठे बसायचं, याला आपल्याकडच्या शहाण्या माणसांनी कधीच चैन मानलं नाही. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढलं आणि त्यामागून वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं बोर्डिंग सुरू केलं, आणि छत्रपती शिवाजी कॉलेज झालं ते १९४७ मध्ये. क्रम बघा: आधी खोली आणि भाकरी, मग कॉलेज. त्या कॉलेजातही 'कमवा आणि शिका' होतंच, म्हणजे हातात खुरपं घेऊन फी फेडणं हाच विद्यार्थी जीवनाचा गाभा. तुम्ही ज्याला मेसच्या गप्पा म्हणता, त्यांना कर्मवीरांनी संस्थेच्या पायात बसवलं.

आजही सकाळच्या पहिल्या गाडीनं गावाकडून डबे येतात. नाव लिहिलेली कापडी पिशवी, आत भाकरी आणि कोरडी भाजी, आणि स्टँडवर घ्यायला आलेली मुलं. मेसचे महिन्याचे पैसे वाचतात म्हणून हे चालतं. या डब्याला चैन म्हणायचं असेल तर म्हणा.

आणि फीचंच बोलायचं तर, २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी माफ झाली आहे. उत्तम झालं. पण माफी झाली फीची. खोली, मेस आणि प्रवास तसेच राहिले. तुमच्या पुतणीला ही सवलत लागू होत असेल तर तिच्यासाठी दोन कॉलेजांतला फरक आता नेमका त्याच गोष्टींत उरला आहे ज्यांना तुम्ही किरकोळ म्हणता.

प्लेसमेंटवर मी लिहिलं नाही, कारण ते कॉलेजं स्वतःच फलकावर छापतात, तेही सर्वांत मोठ्या पॅकेजच्या मुलाच्या फोटोसकट. आकडाच हवा असेल तर कॉलेजच्या संकेतस्थळावर एनआयआरएफसाठी (केंद्र सरकारची कॉलेजांची क्रमवारी) दिलेली माहिती शोधा. तिथे मध्यक (अगदी मधल्या मुलाचा) पगार आणि किती जणांना नोकरी लागली हे द्यावं लागतं. फलकावरचा आकडा आणि तो आकडा शेजारी ठेवून बघा. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सात निकषांतला पाचवा निकष विद्यार्थी साहाय्याचा आहे, तोही वाचा, पण फोटोंवर फार विसंबू नका. ते फोटो काढताना फ्रेम भरायला मुलं कुठून आणतात ते मी पाहिलंय.

तर पुतणी. तिचं नाव, गाव, गुण काही तुम्ही लिहिलं नाहीत, तेव्हा कॉलेजचं नाव मी सांगणार नाही. ज्या दोन-तीन कॉलेजांचा विचार चाललाय तिथे तिला घेऊन मंगळवार-बुधवारी दुपारी तीननंतर जा. सकाळी नको, सकाळी सगळीच कॉलेजं सारखी दिसतात. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक किती वाजता बंद होतं आणि मुलांचं किती वाजता, हे दोन्ही विचारा. फरक दीड तासापेक्षा जास्त असेल तर तिथल्या स्पर्धांच्या संघांत मुली किती आहेत हेही विचारा. वाचनकक्ष परीक्षेच्या दिवसांत किती वाजेपर्यंत उघडा असतो आणि जिमखान्याची किल्ली कुणाकडे असते ते बघा. वर्षभर कपाटात कुलूपबंद असलेलं टेबल टेनिसचं सामान मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलंय. घरून ये-जा करणार असेल तर परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा लिहून घ्या, आणि त्यांतली एक रद्द झाली तर ती काय करेल हे आत्ताच घरी बसून ठरवा.

यातलं काहीही प्रवेशाच्या खिडकीवर विचारू नका, तिथे सगळं छानच असतं. फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याला विचारा. आधी दोन-चार प्रती काढायला द्या, म्हणजे तो बोलायला लागतो.