लिंबू-मिरची म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

‘डेस्कटॉपला पेन ड्राइव्ह दिसत नसेल तर’ या माझ्या लेखाखाली मंगळवारी रात्री तुम्ही जी प्रतिक्रिया टाकलीत, ती मी तीनदा वाचली. लगेच लिहिलं तर नको ते लिहून जाईन म्हणून दोन दिवस थांबलो.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. एक : ‘प्लग काढा, बटण दाबून धरा, हा सगळा लिंबू-मिरचीचा प्रकार आहे, बारा वर्षं आयटीत असलेल्या माणसाला असलं सांगू नका.’ दोन : यूएसबी ३.० चा करंट मी ५०० मिलीअँपिअर लिहिला, तो चुकीचा आहे. तीन : डिव्हाइस मॅनेजरमधले (विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी) यूएसबी कंट्रोलर (यूएसबी पोर्ट सांभाळणाऱ्या चिप) अनइन्स्टॉल करायला मी सांगितलं, पण तसं केलं की माउस आणि कीबोर्डही मरतात हे सांगितलं नाही, आणि तुमच्या वडिलांचं मशीन तसंच अडकून बसलं. चार : विंडोज ७ चं नावसुद्धा लेखात नाही.

दुसरा मुद्दा आधी संपवतो. तुमचं बरोबर आहे. २.० ला ५००, ३.० ला ९००. टाइप करताना चूक झाली, कालच दुरुस्त केली. आभार. चूक कबूल करायला मला कधीच कमीपणा वाटलेला नाही.

आता लिंबू-मिरची.

हा शब्द मला लागला, हे लपवत नाही. ‘असं का करायचं?’ एवढं साधं विचारलं असतंत तर मी आनंदाने सांगितलं असतं. न विचारता थेट अंधश्रद्धेच्या रांगेत नेऊन बसवायचं, ही कुठली पद्धत? तर कारण ऐका. सीपीयू शटडाऊन केला म्हणजे तो मेला असं नसतं. भिंतीवरचा स्विच चालू आहे तोवर एसएमपीएस, म्हणजे सीपीयूतला वीज पुरवणारा डबा, मदरबोर्डला (आतल्या मुख्य बोर्डाला) पाच व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देतच राहतो. म्हणून तर काही मशीनला, बंद असतानाही, मोबाइल लावला की चार्ज होतो. यूएसबी कंट्रोलर झटक्याने किंवा शॉर्टने अडकून बसला असेल, तर त्याला वीज मिळत राहते आणि तो अडकलेलाच राहतो. तुम्ही दहा वेळा रिस्टार्ट करा, त्याला पत्ताही लागत नाही. त्याच्या तोंडचं पाणी तोडायचं तर प्लगच काढावा लागतो, आणि कपॅसिटरमध्ये साठलेली उरलीसुरली वीज काढून टाकायला पॉवर बटण वीस-तीस सेकंद दाबून धरावं लागतं.

त्यात विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. शटडाऊन करताना विंडोज आपली आणि ड्रायव्हरची अवस्था फाइलमध्ये लिहून ठेवतं आणि सकाळी तीच उचलून पुढे चालू करतं. म्हणजे बिघडलेली अवस्था असेल तर तीही जशीच्या तशी. रिस्टार्ट केलं तर निदान विंडोज नव्याने उठतं, शटडाऊनने तेही होत नाही. ‘काल रात्री बंद करून ठेवला होता, तरी सकाळी तेच’ असं गिऱ्हाईक सांगतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं. त्याचं मशीन खऱ्या अर्थाने बंदच झालेलं नसतं.

यात लिंबू कुठे आणि मिरची कुठे?

तुम्ही बारा वर्षांचा विषय काढलात म्हणून मीही सांगतो. चिपळुणात माझं दुरुस्तीचं दुकान २००३ पासून आहे. पेन ड्राइव्ह १२८ एमबीचा यायचा आणि लोक तो गळ्यात घालून फिरायचे, तेव्हापासून मी हे पोर्ट उघडतो आहे. एका निवृत्त गुरुजींचं मशीन आलं होतं, ते कधी विसरणार नाही. आधी दुसऱ्या एका ठिकाणी नेलं होतं. तिथे ‘विंडोज खराब झालंय’ म्हणून अख्ख्या डिस्कला फॉरमॅट मारला, पैसे घेतले, आणि नातीच्या बारशापासूनचे फोटो गेले. पेन ड्राइव्ह तरीही दिसेना. गुरुजी रिक्षातून सीपीयू मांडीवर घेऊन आले.

मी मागच्या पोर्टला पेन ड्राइव्ह लावला. त्याचा लाल दिवा लागला, म्हणजे वीज पोचत होती. पण आवाज नाही, ड्राइव्ह नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’, कोड ४३, म्हणजे उपकरणात बिघाड दिसला म्हणून विंडोजने ते थांबवलं. पुढच्या पोर्टमध्ये टॉर्च मारून बघितलं तर एक पिन वाकून कडेच्या पत्र्याला टेकलेली, म्हणजे शॉर्ट. बाजूचं झाकण काढलं, पुढच्या पोर्टची नऊ पिनांची वायर बोर्डावरून उपसून काढली. रिस्टार्ट केलं. कोड ४३ तसाच. मग प्लग काढला. बोर्डाच्या कोपऱ्यातला बारीक हिरवा दिवा प्लग काढूनही लागलेलाच होता. गुरुजींना म्हटलं, बघा, याला अजून वाटतंय की वीज आहे. बटण दाबून धरलं, पंख्याने पाव गिरकी घेतली आणि थांबला, हिरवा दिवा मंद होत होत विझला. मिनिटभराने प्लग लावला. पेन ड्राइव्ह दिसला.

गुरुजी काही बोलले नाहीत, नुसते स्क्रीनकडे बघत राहिले. पहिल्या दुकानात कोणी हे तीस सेकंदांचं काम आधी करून पाहिलं असतं तर ते फोटो आज असते. म्हणून माझ्या लेखात ही पायरी पहिली आहे आणि ती पहिलीच राहील. ज्या गोष्टीला तुम्ही हसलात, ती गोष्ट लोकांचा डेटा वाचवते.

आणि प्लग काढला की सगळं बरं होतं असा दावा मी केलेला नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर महिनाभर माझ्याकडे चिखलाने भरलेले पोर्ट येत होते. तिथे प्लग काढून काय होणार? पोर्ट बदलले, काही बोर्डच टाकून दिले. हेही लेखात आहे, सातव्या परिच्छेदात. तुम्ही तिथवर वाचलं असेल असं प्रतिक्रियेवरून वाटत नाही.

तिसऱ्या मुद्द्याबद्दल. वडिलांना त्रास झाला याचं वाईट वाटतं. पण त्यात एवढं अडकण्यासारखं काही नव्हतं. पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करायचं, पुन्हा चालू करायचं, विंडोज कंट्रोलर आपले आपण शोधून घेतं आणि माउस परत येतो. जुना गोल पिनांचा कीबोर्ड घरात असेल तर तेवढंही करावं लागत नाही. शिवाय अनइन्स्टॉल ही लेखातली सहावी पायरी आहे, आधीच्या पाच करून झाल्यावरची. आधीच्या पाच तुम्ही लिंबू-मिरची म्हणून सोडल्यात आणि थेट सहावीवर गेलात. त्याचा दोष माझ्या माथी कसा?

विंडोज ७ चं काय सांगू? मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये त्याचा सपोर्ट थांबवला. त्यात यूएसबी ३.० चा ड्रायव्हर मुळातच नाही, बोर्डाबरोबर आलेल्या सीडीतून टाकावा लागतो. झालं.

लेखात ५०० चे ९०० केले आहेत. बाकी एक ओळही बदलणार नाही. वडिलांचं मशीन अजून तसंच असेल तर झाकण उघडून मदरबोर्डचा मॉडेल नंबर लिहून कळवा, बोर्डावरच मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. आणि झाकण उघडण्याआधी प्लग काढा.