‘भाडं म्हणजे पाण्यात घातलेले पैसे’: नेदरलँड्समध्ये घर शोधणाऱ्यांमध्ये फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

ॲमस्टलव्हेन, आइंडहोवन, हेग, अल्मेरे, जिथे जिथे आपली मंडळी राहतात तिथल्या ग्रुपवर हा मेसेज पुन्हा पुन्हा येतो. शब्द बदलतात, गाभा तोच: भाडं म्हणजे पाण्यात घातलेले पैसे. इथे बँक शंभर टक्के कर्ज देते, खिशातून काही लागत नाही. शहरापासून जरा लांब, शांत आणि स्वस्त वस्ती बघा. डच घरांचे भाव कधी पडत नाहीत, आणि परत जायची वेळ आलीच तर घर भाड्याने द्या. एजंट आणि तपासणीवर पैसे उडवू नका, घाई करा.

मी स्वतः अल्मेरेमध्ये घर घेतलं आहे आणि त्याचा मला आनंद आहे. तेव्हा घर घेऊच नका, असं सांगायला मी बसलेलो नाही. पण नुकतीच इथे आलेली जोडपी हा मेसेज वाचून पहिल्या वर्षातच सगळी शिल्लक पणाला लावतात, ते बघवत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘भाडं म्हणजे पाण्यात घातलेले पैसे.’

साडेतीन लाख युरोचं कर्ज, 4 टक्के व्याज, 30 वर्षं मुदत धरा. समान हप्ता बसतो सुमारे 1,670 युरो. पहिल्या महिन्यात त्यातले 1,167 युरो निव्वळ व्याज असतं, मुद्दल फिटतं जेमतेम 500. म्हणजे सुरुवातीची काही वर्षं तुम्ही भाडंच भरता, फक्त ते घरमालकाऐवजी बँकेला जातं. व्याजावर करसवलत मिळते हे खरं. शिवाय नगरपालिकेचा मालमत्ता कर, घराचा विमा, बॉयलर, छप्पर, रंग हे सगळं आता तुमच्याकडे. फ्लॅट असेल तर सोसायटीची मासिक वर्गणी वेगळी. दहा वर्षं राहणार असाल तर गणित घर घेण्याच्या बाजूने झुकतं. दोन-तीन वर्षांत नोकरी बदलून जर्मनीला किंवा पुण्याला परतायचं असेल, तर घेण्या-विकण्याच्या खर्चातच भाड्याची बचत संपते.

‘बँक शंभर टक्के कर्ज देते, खिशातून काही लागत नाही.’

पहिला अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच हा मुद्दा जास्त फसवतो. बँक शंभर टक्के देते ते घराच्या मूल्यांकनावर, तुम्ही लावलेल्या बोलीवर नव्हे. तुम्ही 4 लाखांची बोली जिंकलात आणि मूल्यांकन करणाऱ्याने घर 3 लाख 80 हजारांचं ठरवलं, तर वरचे 20 हजार रोख तुमचे. चांगल्या घरांवर सांगितलेल्या किमतीच्या वर बोली लावणं इथे रोजचं आहे, त्यामुळे ही वेळ अनेकांवर येते.

आणि जाहिरातीत किमतीपुढे ‘के.के.’ ही दोन अक्षरं असतात, त्यांचा अर्थ कोणीतरी आधीच समजावून सांगायला हवा. कोस्टन कोपर, म्हणजे वरचा खर्च घेणाऱ्याचा. 2 टक्के हस्तांतरण कर, नोटरी, मूल्यांकन, कर्ज सल्लागार. वय 35 पेक्षा कमी असेल तर स्वतः राहण्याच्या घरावर हा कर एकदाच माफ होतो, पण किमतीला मर्यादा आहे, 2025 साली ती 5 लाख 25 हजार युरो होती. नवरा 36 चा आणि बायको 33 ची असेल तर माफी फक्त तिच्या वाट्याला. आपल्यातल्या बऱ्याच जोडप्यांचं वय नेमकं याच टप्प्यावर असतं, आणि हे त्यांना नोटरीच्या टेबलावर कळतं.

‘शांत आणि स्वस्त वस्ती बघा.’

माझा खरा आक्षेप इथे आहे. घर स्वस्त असण्याला कारण असतं, आणि ते कारण कोणी जाहिरातीत लिहीत नाही.

झानडाममध्ये आम्ही एक घर बघायला गेलो होतो. ॲमस्टरडॅमला ट्रेनने काही मिनिटं, गल्ली निवांत, किंमत आसपासच्या घरांपेक्षा बरीच कमी. आत ताजा पांढरा रंग, नवं लॅमिनेट. बाहेरच्या भिंतीवर मात्र खिडकीच्या कोपऱ्यापासून विटांच्या सांध्यांतून जिन्याच्या पायऱ्यांसारखा तडा वर चढत गेला होता. बेडरूमचं दार वरच्या कोपऱ्यात घासत होतं आणि खाली बोटभर फट होती. मुलीने खिशातली गोटी जमिनीवर ठेवली, ती आपोआप मागच्या भिंतीकडे घरंगळली. विकणाऱ्याचा एजंट म्हणाला, जुनी घरं अशीच असतात. नगरपालिकेत चौकशी केली तेव्हा कळलं की ती संपूर्ण ओळ लाकडी खांबांवर उभी आहे.

झानडाम, रॉटरडॅम, डॉर्ड्रेख्त या भागांतली अनेक जुनी घरं अशीच आहेत. मऊ जमिनीत लाकडी खांब ठोकून त्यांवर घर उभं करत. खांब पाण्याखाली असेपर्यंत लाकूड शतकभर टिकतं. कोरड्या उन्हाळ्यात भूजल खाली गेलं, खांबाचं डोकं उघडं पडलं, की हवा लागते, बुरशी येते आणि लाकूड कुजतं. 2018 आणि 2022 चे उन्हाळे आठवा. पाया नव्याने करायचा तर एका घरामागे खर्च सहज 1 लाख युरोच्या आसपास जातो आणि नेहमीचा घराचा विमा तो देत नाही. ओळीतल्या घरांच्या भिंती सामायिक, म्हणून शेजाऱ्यांनी हो म्हटल्याशिवाय एकट्याला सहसा काही करताही येत नाही. 2024 पासून मूल्यांकनाच्या अहवालात पायाचा धोका नोंदवला जाऊ लागला हे चांगलं झालं. पण मूल्यांकन बहुतेक वेळा सही केल्यानंतर होतं. विचारायचं ते आधी.

उत्तरेला ग्रोनिंगन प्रांतातली काही गावं नकाशावर त्याहून सुंदर आणि स्वस्त दिसतात. तिथली घरं हलली ती जमिनीखालून गॅस काढल्यामुळे. 16 ऑगस्ट 2012 रोजी हाउझिंगे गावाजवळ 3.6 तीव्रतेचा भूकंप झाला. 2024 मध्ये कायदा करून ते गॅसक्षेत्र बंद झालं, तरी धक्के पूर्ण थांबलेले नाहीत. अशा घराची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं आहे का, भरपाईचा अर्ज कुठवर आला आहे, हे कागद मागून घ्यावेत.

आता शांततेबद्दल. स्किपोल विमानतळाची कोणती धावपट्टी वापरायची हे बरंचसं वाऱ्यावर ठरतं. तुम्ही शनिवारी दुपारी घर बघायला गेलात, वारा अनुकूल होता, आकाशात एकही विमान नव्हतं. त्याच घरावरून दुसऱ्या दिवशी दर काही मिनिटांनी एक विमान उतरू शकतं. ॲमस्टलव्हेन, आल्समेअर, झ्वाननबर्ग इथे घर बघताना एकाच भेटीवर विश्वास ठेवू नका. मी अल्मेरेचं घर पक्कं करण्याआधी तीन वेळा गेलो, एकदा सकाळी सहाला, एकदा रात्री अकराला, आणि एकदा पावसात बसने. बसची वेळ बघायची होती. शांत वस्तीत शेवटची बस किती वाजता जाते, हे उशिरा परतणाऱ्याला रोज भोगावं लागतं.

‘भाव कधी पडत नाहीत, नाहीतर भाड्याने द्या.’

2008 ते 2013 या काळात इथले घरांचे भाव सुमारे 20 टक्के पडले. लाखो कुटुंबांचं कर्ज घराच्या किमतीपेक्षा जास्त झालं, त्याला डच लोक ‘घर पाण्याखाली’ म्हणतात. 2022 मध्ये व्याजदर चढले तेव्हाही भाव खाली आले आणि पुन्हा वर गेले. नोकरी गेली किंवा संसार मोडला आणि नुकसानीत विकावं लागलं, तर उरलेल्या कर्जासाठी एनएचजी ही राष्ट्रीय हमी आहे. तिलाही घराच्या किमतीची मर्यादा आहे, 2025 साली ती 4 लाख 50 हजार युरो होती. बसत असेल तर जरूर घ्या.

भाड्याने देणं तर त्याहून अवघड. कर्जाच्या करारात बँकेच्या लेखी परवानगीशिवाय घर भाड्याने देता येत नाही. काही वस्त्यांत नगरपालिकेची ‘राहण्यासाठीच घ्या’ ही अट असते. 1 जुलै 2024 पासून काही अपवाद सोडले तर भाडेकरार बेमुदतच करावा लागतो, आणि मधल्या दर्जापर्यंतच्या घरांचं कमाल भाडं घराचा आकार, सोयी यांना मिळणाऱ्या गुणांवरून ठरतं. पुण्यात बसून अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करतो तसा मार्ग इथे नाही.

‘एजंट आणि तपासणीवर पैसे उडवू नका, घाई करा.’

जाहिरातीतला एजंट विकणाऱ्याचा असतो, तो त्याच्याच हिताने बोलतो. विकणाऱ्याला माहीत असलेले दोष सांगावे लागतात, पण दिसण्यासारखे दोष शोधणं ही कायद्याने घेणाऱ्याची जबाबदारी आहे. साधी तपासणी काही शे युरोंत होते. मात्र ती डोळ्यांना दिसेल तेवढंच बघते, लाकडी खांबांसाठी पायाची वेगळी तपासणी सांगावी लागते. ॲमस्टरडॅममध्ये जमीन कोणाची, तेही नोंदीत बघा. तिथे 1896 पासून नगरपालिका जमीन भाडेपट्ट्याने देते, आणि पट्ट्याचं भाडं पुढे वाढणार असेल तर फ्लॅट स्वस्त का होता याचं उत्तर तिथेच मिळतं.

घाई करायचीच असेल तर बोलीच्या मेलमध्ये दोन ओळी घाला: अमुक तारखेपर्यंत कर्ज मंजूर झालं नाही तर करार रद्द, आणि तपासणीत ठरावीक रकमेपेक्षा जास्त दुरुस्ती निघाली तर करार रद्द. कराराची सही झालेली प्रत हातात आली की तीन दिवस विचार बदलण्याची मुभा असते. त्यानंतर या ओळी नसतील आणि तुम्ही मागे हटलात, तर सहसा ठरलेल्या किमतीच्या 10 टक्के रक्कम द्यावी लागते. 4 लाखांच्या घरावर 40 हजार युरो.