पुसट रेष, ०.८ आणि 'नॉर्मल': एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण तिच्यात आकडे आहेत, त्यामुळे उत्तर देणं सोपं आहे. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी घरी करायच्या प्रजनन चाचण्यांना 'मनाची समजूत' आणि 'पैसे पाण्यात' म्हटलं होतं. तुमचं म्हणणं असं, की डॉक्टर 'वर्षभर प्रयत्न करा, मग या' म्हणून परत पाठवतात, तोवर बाईने नुसतं बसून राहायचं का? तुमचं वय ३२, पाळी २६ ते ३३ दिवसांत कधीही येते. तीन महिने ओव्ह्युलेशनच्या (स्त्रीबीज बाहेर पडण्याचा काळ सांगणाऱ्या) स्ट्रिपवर 'पुसट का होईना, दोन रेषा' दिसतात आणि तरी दिवस राहत नाहीत. बोटातलं रक्त पाठवून केलेली एएमएच (अंडाशयातल्या बीजांच्या शिलकीचा अंदाज देणाऱ्या संप्रेरकाची चाचणी) ०.८ आली. नवऱ्याची तपासणी घरच्या किटवर 'नॉर्मल'. आणि शेवटचा टोला: एएमएचला अर्थ नाही म्हणता, मग आयव्हीएफवाले पहिली तीच का सांगतात?

आधी माझी चूक. स्ट्रिप, एएमएच आणि वीर्याचं किट मी एकाच दावणीला बांधलं, ते बरोबर नव्हतं. लघवीतला एलएच, म्हणजे बीज बाहेर पडण्याआधी उसळणारं संप्रेरक, दाखवणाऱ्या स्ट्रिपच्या बाजूने पुरावा आहे. २०२३च्या कॉक्रेन आढाव्यातला (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) अंदाज असा: वय चाळिशीच्या आत आणि प्रयत्न वर्षाहून कमी काळचे असताना स्ट्रिपशिवाय शंभरातल्या १८ जणींना मूल होत असेल, तर स्ट्रिप बघून संबंध ठेवल्यास २० ते २८ जणींना होईल. फायदा बेताचाच, पण आहे. मात्र स्ट्रिप नीट वाचायला हवी, आणि तुमच्या वर्णनावरून ती नीट वाचली जात नाहीये असं दिसतं.

'पुसट का होईना' हे शब्द प्रेग्नन्सी टेस्टचे आहेत. तिथे दुसरी रेष कितीही फिकट आली तरी ती पॉझिटिव्ह, कारण ती टेस्ट शोधते ते एचसीजी हे संप्रेरक गरोदर नसताना लघवीत जवळपास नसतंच. एलएच मात्र अंगात महिनाभर थोडाफार असतोच, म्हणून ओव्ह्युलेशनच्या स्ट्रिपवर पुसट रेष कोणत्याही दिवशी उमटू शकते. टेस्टची रेष कंट्रोलच्या (स्ट्रिप चालते आहे हे दाखवणाऱ्या) रेषेइतकी गडद किंवा तिच्याहून गडद झाली, तरच पॉझिटिव्ह. त्याहून फिकट असेल तर निगेटिव्ह, मग दोन रेषा स्वच्छ दिसत असल्या तरी. म्हणजे तुम्ही तीन महिने ज्याला 'आली' म्हणताय, ती बहुधा आलेलीच नव्हती.

दुसरी गोष्ट दिवसांची. तुम्ही १४व्या दिवसापासून (पाळी आल्याचा दिवस पहिला) चार दिवस, सकाळी उठल्याउठल्या तपासता. स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ साधारण १४ दिवसांचा असतो. कमीजास्त होतं ते त्याच्या आधीचं. २६ दिवसांची पाळी असेल तर बीज १२व्या दिवसाच्या आसपासच बाहेर पडून गेलेलं असतं, तुम्ही पहिली स्ट्रिप बुडवण्याआधी. ३३ दिवसांची असेल तर १९व्या दिवशी, तुम्ही थांबल्यानंतर. साधा हिशोब असा, की गेल्या सहा महिन्यांतली सगळ्यात छोटी पाळी घ्यायची आणि तिच्यातून १७ वजा करायचे. तुमच्या बाबतीत ९वा दिवस. तिथून सुरू करायचं आणि रेष गडद होईपर्यंत, गरज पडली तर २०व्या-२१व्या दिवसापर्यंत, रोज तपासायचं. एका महिन्याला बारा-तेरा स्ट्रिपा लागतील. पाच-सात स्ट्रिपांचं पाकीट अशा पाळीला पुरत नाही.

वेळही बदला. एलएचची लाट बऱ्याच जणींत पहाटे रक्तात सुरू होते आणि लघवीत उतरायला काही तास लागतात. त्यामुळे पाकिटावर वेगळं सांगितलं नसेल तर सकाळी दहा ते रात्री आठच्या दरम्यान, रोज एकाच सुमारास तपासा. आधीचे दोन तास भसाभस पाणी पिऊ नका, कारण लघवी पातळ झाली की लाट असूनही रेष फिकी पडते. कोरड्या स्वच्छ कपात नमुना घ्या, स्ट्रिप खुणेच्या रेषेपर्यंतच बुडवा (खुणेच्या वर बुडाली की ती वाया गेली), पाकिटावर लिहिलेले सेकंद मोजा, आडवी ठेवा आणि सांगितलेल्या वेळी, बहुतेक स्ट्रिपांना पाच मिनिटांनी, वाचा. दहा मिनिटांनंतर पाहिलेलं धरायचं नाही. वाळताना रेष गडद होऊ शकते, आणि संध्याकाळी कचऱ्यातून काढून 'अगं, आता आली की' म्हणण्याचा प्रकार तिथूनच सुरू होतो. कंट्रोलची रेषच उमटली नाही, तर ती स्ट्रिप बाद.

रेष गडद व्हायला लागली की दिवसातून दोनदा तपासा. काहींची लाट जेमतेम अर्धा दिवस टिकते, ती रोजच्या एका तपासणीतून निसटते. वापरलेल्या स्ट्रिपा तारीख घालून एका कागदावर ओळीने चिकटवा. एकट्या स्ट्रिपकडे पाहून न कळणारा चढ ओळीत लगेच दिसतो. मध्येच कंपनी बदलू नका. किती एलएचला रेष गडद होते, हा उंबरठा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, म्हणून दोन कंपन्यांच्या रेषांची तुलना करता येत नाही.

आणि पॉझिटिव्ह येईपर्यंत थांबू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. दिवस राहण्याजोगा काळ सहा दिवसांचा: बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत तग धरतात, बीज मात्र १२ ते २४ तासच. लाट सुरू झाल्यावर साधारण २४ ते ३६ तासांत बीज बाहेर पडतं, म्हणजे स्ट्रिप फक्त शेवटच्या दीड-दोन दिवसांची वर्दी देते. त्या आधीचे चांगले दिवस स्ट्रिपला माहीतच नसतात. ते कळतात अंगावरून जाणाऱ्या स्रावावरून: तो पारदर्शक, निसरडा, अंड्याच्या कच्च्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखा तार धरणारा झाला की दिवस सुरू झाले. ९व्या दिवसापासून दर दोन दिवसांनी संबंध येत असतील तर खरं सांगायचं तर स्ट्रिपची गरजच नाही. शिफ्टची नोकरी, वेगवेगळ्या गावी राहणं किंवा महिनाभराचा ताण झेपत नसेल, तर तिचा खरा उपयोग.

पीसीओएस (अंडाशयात अनेक छोट्या गाठी दिसणारा, पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा बिघाड) असेल तर एलएच बऱ्याचदा मुळातच चढा असतो, म्हणून एका महिन्यात तीन-चारदा खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. बीज फुटण्यासाठी एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर स्ट्रिप त्यालाच एलएच समजू शकते. बीज तयार व्हायला देतात त्या क्लोमिफिनच्या गोळ्या संपल्यावर स्ट्रिप वापरण्याआधी तीन दिवस तरी जाऊ द्यावे.

नीट वाचलेली पॉझिटिव्हसुद्धा फक्त एवढंच सांगते, की मेंदूकडून हुकूम सुटला. बीज बाहेर पडलं की नाही, हे तिला कळत नाही. त्यासाठी पॉझिटिव्हनंतर सातव्या दिवशी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन बघतात. मिलीलीटरमागे ३ नॅनोग्रॅमच्या वर असेल तर बीज बाहेर पडलं असं धरतात. ही तपासणी 'एकविसाव्या दिवशी' करायची हा नियम २८ दिवसांच्या पाळीसाठी आहे. तुमची पाळी ३३ दिवसांची झाली, तर २१व्या दिवशी आकडा कमी येईल आणि नाहक घाबराल. तिथे २६वा दिवस हवा. घरी प्रोजेस्टेरॉनचा अंश दाखवणाऱ्या लघवीच्या स्ट्रिपाही मिळतात, पण त्या उलट्या वाचायच्या असतात: एक रेष म्हणजे पॉझिटिव्ह, दोन म्हणजे निगेटिव्ह. दोन प्रकारच्या स्ट्रिपा एकाच डब्यात ठेवल्या की घोटाळा झालाच म्हणून समजा.

आता ०.८. 'अर्थ नाही' हे माझे शब्द अपुरे होते. तुमच्या प्रश्नापुरता अर्थ नाही, असं लिहायला हवं होतं. एएमएच अंडाशयातल्या छोट्या फॉलिकलमधून (बीज ज्यात वाढतं त्या पिशवीतून) येतं, म्हणजे ते शिलकीचा अंदाज देतं. नैसर्गिकरीत्या दिवस राहायला महिन्याला एकच बीज लागतं, आणि ते शिल्लक कमी असली तरी येतं. 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली आलेल्या अभ्यासात ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या सुमारे ७५० स्त्रिया होत्या. ०.७पेक्षा कमी एएमएच असलेल्यांना सहा किंवा बारा पाळ्यांत दिवस राहण्याची शक्यता इतरांहून कमी निघाली नाही. आयव्हीएफमध्ये प्रश्नच वेगळा असतो: इंजेक्शनं दिली तर एका वेळी किती बीजं हाती लागतील, डोस किती ठेवायचा? तिथे एएमएच उपयोगी पडतं. तेव्हा दवाखानाही बरोबर आणि तो अभ्यासही.

तरी रिपोर्टवर दोन गोष्टी बघा. एक, एकक. मिलीलीटरमागे ०.८ नॅनोग्रॅम म्हणजे लीटरमागे ५.७ पिकोमोल, काही ठिकाणी एक लिहितात, काही ठिकाणी दुसरं, आणि ०.८ पिकोमोल असेल तर गोष्ट खूपच वेगळी. दोन, गर्भनिरोधक गोळ्या. त्यांनी एएमएच खाली जातं, म्हणून गोळ्या नुकत्याच बंद केल्या असतील तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघावं. आईची पाळी चाळिशीच्या आत गेली असेल, अंडाशयावर शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपी झाली असेल, तर मात्र हा आकडा घेऊन आत्ताच डॉक्टरकडे जा. ३९व्या वर्षी एएमएच ४ आलं म्हणून निर्धास्त राहणारीची मला तुमच्याहून जास्त काळजी वाटते. बीजांचा दर्जा वयाने ठरतो, आणि तो या चाचणीत दिसत नाही.

एफएसएचच्या (अंडाशयाला चालना देणाऱ्या संप्रेरकाच्या) घरच्या पट्टीबद्दल एवढंच, की ती पाळी जाण्याच्या काळासाठी बनवलेली आहे. ती निगेटिव्ह आली म्हणजे प्रजननक्षमता चांगली, असा अर्थ काढू नका.

नवऱ्याच्या 'नॉर्मल'वर थोडं थांबतो, कारण तुमच्या तिन्ही निकालांत सगळ्यात फसवा तोच आहे. घरची बरीच किट फक्त एका मिलीलीटरमध्ये शुक्राणू किती, हे बघतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या आवृत्तीतली खालची मर्यादा मिलीलीटरला १.६ कोटी आहे, पण शेजारीच एकूण ३.९ कोटी, एकूण वीर्य १.४ मिलीलीटर आणि हालचाल करणारे ४२ टक्के हेही आहेत. समजा मिलीलीटरला २ कोटी निघाले आणि वीर्यच १ मिलीलीटर आहे. किट म्हणेल नॉर्मल; एकूण झाले २ कोटी, हवेत त्याच्या जेमतेम निम्मे. सगळे शुक्राणू जागच्या जागी पडून असले, तरी असं किट नॉर्मलच म्हणेल.

नमुना घेण्यातही चुका होतात. आधी दोन ते सात दिवस वीर्यपात झालेला नसावा. जेल, साबण, साधा कंडोम वापरायचा नाही. पहिलाच भाग सांडला तर नमुना फुकट, कारण बहुतेक शुक्राणू त्यातच असतात. वीर्य पातळ व्हायला अर्धा तास द्यायचा, मगच किटवर घालायचं. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांत जोराचा ताप येऊन गेला असेल तर आकडा पडलेला दिसू शकतो. आणि व्यायामशाळेत कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुचवली असतील, तर ती घेताना शुक्राणू शून्यावरही येऊ शकतात. हे डॉक्टरांना न लाजता सांगायला हवं. घरचं किट खराब आलं, तर प्रयोगशाळेत जायला तेवढं कारण पुरेसं आहे. चांगलं आलं, तरी जायचंच आहे. मूल न होण्याच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा दोघांचं मिळून.

वर्षभर थांबण्याबद्दल: तो नियम ३५च्या आतल्यांसाठी, पाळी नियमित असताना. ३५ नंतर सहा महिने, ४० नंतर लगेच. पाळी ३५ दिवसांहून लांबत असेल, ओटीपोटात संसर्ग होऊन गेला असेल किंवा पाळीत दुखणं असह्य असेल, तर वाट बघायचीच नाही. गर्भनलिका उघड्या आहेत का, हे घरची कोणतीही चाचणी सांगत नाही. दरम्यान फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम सुरू करा आणि थायरॉइड आणि रुबेलाची प्रतिकारशक्ती बघून घ्या.

मूळ लेखातलं 'पैसे पाण्यात' हे वाक्य आज काढलं आहे आणि त्या जागी एलएच स्ट्रिप वाचायची पद्धत घातली आहे. पुढच्या महिन्यात स्ट्रिपा ९व्या दिवसापासून ओळीने चिकटवून बघा, आणि त्याच आठवड्यात नवऱ्याची वीर्य तपासणी प्रयोगशाळेत करून घ्या.